भरली मिरची
हिरव्या मिरचीस उभी चीर देऊन तिच्या पोकळीत भाजलेल्या पिठाचे वा शिजवलेल्या धान्याचे सारण भरून केलेला शाकाहारी पदार्थ. यासाठी जाड सालीची, कमी तिखट लांबट मिरची किंवा ढोबळी (भोपळी, सिमला) मिरची वापरतात. दोन्ही कॅप्सिकम ॲनम (कुल–सोलॅनेसी) या एकाच जातीचे प्रकार होत. ही वनस्पती मूळची अमेरिकेतील असून ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत भारतात आली. [⟶ मिरची].

मिरची भरण्याची पद्धत अनेक देशांत आढळते. तुर्कस्तानातील ‘दोल्मा’ (शब्दशः भरलेले) या पदार्थाच्या शाकाहारी प्रकारात ऑलिव्ह तेलात परतलेला तांदूळ व मनुका घालतात. महाराष्ट्रात सारण बहुधा बेसनाचे असते. त्यास दाण्याचे कूट, तीळ, जिरे, मीठ व आंबटपणासाठी लिंबू किंवा दही यांची जोड देतात. अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा पूर्व व दक्षिण भाग पर्जन्यछायेत मोडतो. तेथे खरिपात बाजरी व रब्बीत ज्वारी ही मुख्य तृणधान्ये असल्याने बेसनाऐवजी घरच्याच धान्याचे सारण करणे सोयीचे ठरते.

मात्र बेसनाची कृती जशीच्या तशी ज्वारीस लागू केल्यास सारण कच्चट व कोरडे राहते. पिठातील स्टार्च मऊ होण्यास उष्णतेइतकीच पाण्याची गरज असते. नुसते भाजल्याने पिठास खमंगपणा येतो, पण स्टार्च फुगत नाही. मिरचीत सुमारे ९० टक्के पाणी असले, तरी त्याचा थोडाच अंश सारणापर्यंत पोहोचतो. म्हणून १०० ग्रॅ. ज्वारीचे पीठ मंद आचेवर भाजून त्यात ५० ग्रॅ. कूट व मसाला मिसळावा आणि मुठीत दाबल्यास गोळा व्हावा इतपत ते दह्याने किंवा पाण्याने भिजवावे. सारण फुगत असल्याने मिरची पाऊणच भरावी. कढईत थोड्या तेलावर मिरच्या ठेवून वर पाणी घातलेले झाकण ठेवावे व वाफ आल्यावर शेवटी झाकण काढून साल खरपूस करावी. मोठ्या ढोबळी मिरचीसाठी पिठापेक्षा मऊ शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या अधिक चांगल्या. त्या आधीच शिजलेल्या असल्याने मिरची गळून जाईपर्यंत थांबावे लागत नाही.

तिखटपणा बियांत असतो ही समजूत रूढ आहे. वस्तुतः कॅप्सायसीन हे द्रव्य बिया ज्यावर चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात तयार होते. बियांना ते केवळ लागलेले असते. त्यामुळे बिया झटकून गाभा तसाच ठेवल्यास फारसा उपयोग होत नाही. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. तिखट लागल्यावर पाण्यापेक्षा दह्याने अधिक आराम पडतो.

बाजरीच्या सारणाला पोषणदृष्ट्या विशेष महत्त्व आहे. बाजरीत लोह भरपूर असते. परंतु तिच्यातील फायटेटामुळे त्याचे शोषण कमी होते. क जीवनसत्त्व हे शोषण वाढविते आणि हिरव्या मिरचीत ते विपुल असते. शिजविताना त्याचा काही भाग नष्ट होत असल्याने पानात वरून लिंबू पिळणे इष्ट. रक्तक्षय हा स्त्रिया व बालके यांच्यातील मोठा प्रश्न असल्याने ही जोडी दुर्लक्षिण्यासारखी नाही. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या (स्थापना १९६८) सहकार्याने इक्रिसॅट या संस्थेने विकसित केलेला ‘धनशक्ती’ हा लोहसमृद्ध बाजरीचा वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाला.

बाजरीच्या पिठातील स्निग्धांशाचे विघटन लवकर होऊन ते काही दिवसांतच कडू होते आणि हा कडवटपणा मसाल्याने झाकला जात नाही. त्यामुळे सारणासाठी पीठ ताजे दळलेले असावे; कूटही खवट वा बुरशी आलेल्या दाण्यांचे नसावे, कारण भुईमुगावरील काही बुरशींपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष घरगुती भाजण्याने पूर्णपणे नाहीसे होत नाही.