हौशी सायकलशर्यती व शिरस्त्राणाचा नियम

सायकलशर्यतीत भाग घेणाऱ्याने शिरस्त्राण घातलेच पाहिजे, हा नियम आज सर्वमान्य झाला आहे. परंतु तो सुखासुखी रूढ झालेला नाही. विद्यार्थ्यांना तो सांगण्यापूर्वी त्यामागील इतिहास व कारणे शिक्षकांनी ध्यानी घेणे इष्ट होय.

पूर्वी शर्यतपटू कातडी पट्ट्यांची जाळीदार टोपी वापरीत. तीमुळे खरचटणे काहीसे टळे. आघात मात्र शोषला जात नसे. १९७५ साली अमेरिकेत कठीण कवच व आत पॉलिस्टायरिनचा फेसाळ थर असलेले सायकलस्वारांचे शिरस्त्राण विक्रीस आले. तेथील हौशी शर्यतींचे नियमन करणाऱ्या महासंघाने १९८६ पासून कठीण कवचाचे शिरस्त्राण सक्तीचे केले. व्यावसायिक शर्यतपटूंनी मात्र १९९१ साली अशा सक्तीस विरोध केला व ती मागे घ्यावी लागली. पुढे मार्च २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह शिरस्त्राणावाचून पडला व डोक्यास मार लागून मरण पावला. त्याच वर्षी मे महिन्यात आंतरराष्ट्रीय सायकल संघाने सक्ती लागू केली. हौशी खेळाडूंनी जे १९८६ मध्येच स्वीकारले, ते व्यावसायिकांच्या गळी उतरण्यास एक जीव जावा लागला.

शिरस्त्राणाचे कार्य सोपे आहे. डोके रस्त्यावर आदळताच फेसाळ थर चेपतो. त्यामुळे डोके थांबण्यास क्षणाचा अंश अधिक मिळतो व आघाताचा जोर घटतो. एकदा चेपलेला थर पूर्ववत होत नाही. म्हणून जोराने आपटलेले शिरस्त्राण वरून धड दिसले तरी टाकून द्यावे. ते भुवयांच्या वर दोन बोटांवर आडवे बसावे, आणि हनुवटीखालील पट्ट्यात जेमतेम एक बोट शिरावे. पट्टा सैल असेल तर पडताना शिरस्त्राण निसटते व घातल्याचा उपयोग होत नाही.

डोक्याच्या रक्षणाइतकेच दिसण्याला महत्त्व आहे. २०० किलोमीटर वा त्याहून लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे या हौशी सायकलफेऱ्यांत रात्री सायकलीस पुढे व मागे दिवे आणि अंगावर प्रकाश परावर्तित करणारा पट्टा वा जाकीट आवश्यक असते. रस्त्यावरील शर्यतीत दोन्ही चाकांना ब्रेक असावे लागतात.

आपल्याकडील मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १२९ मधील शिरस्त्राणाची सक्ती मोटारसायकलस्वारांपुरती आहे. पायाने चालविण्याच्या सायकलीस ती लागू नाही. म्हणूनच शाळेच्या शर्यतीत ही जबाबदारी आयोजकांवर, म्हणजे शिक्षकांवर येते. शर्यतीपूर्वी प्रत्येक सायकलीचे ब्रेक, टायर, चेन व हँडलच्या टोकांच्या मुठी तपासाव्यात. मूठ नसलेले नळीचे उघडे टोक पडताना पोटात घुसू शकते.

खेड्यातील शाळेत प्रत्येक मुलास शिरस्त्राण मिळणे कठीण, ही अडचण खरी आहे. अशा वेळी उपलब्ध शिरस्त्राणे ज्यांच्या डोक्यास नीट बसतात अशा मुलांच्या तुकड्या करून शर्यत पाळीपाळीने घ्यावी. तेही शक्य नसेल तर वेगाची शर्यत ठेवूच नये. मैदानावर मंदगती सायकलस्पर्धा घ्यावी. जो सर्वांत शेवटी पोहोचेल आणि पाय जमिनीस टेकविणार नाही, तो विजयी. तीत तोल, संयम व कौशल्य यांची कसोटी लागते आणि डोके फुटण्याचे भय फारसे उरत नाही. शर्यत पुढील वर्षीही घेता येईल. मुलाच्या डोक्यास झालेली इजा मात्र कोणत्याही बक्षिसाने भरून येणार नाही.