पाव यंत्राचा, पारख हाताची

कागलची वसाहत पंचतारांकित आहे असे म्हटले, की बाहेरगावच्या पाहुण्याच्या डोळ्यांपुढे झुंबरे लटकणारे हॉटेल उभे राहते. पण या तारा औद्योगिक विकास महामंडळाच्या आहेत. येथे राज्य आहे ते कापडाचे, ओतकामाचे आणि यंत्रांच्या सुट्या भागांचे. कारखाना पाळीवर चालतो, आणि तो पाळीवर चालला की घरही पाळीवरच चालू लागते. पहिल्या पाळीचा डबा भरायचा, तर पहाटे कोणाला तरी उठून पोळ्यांचा ढीग लाटावा लागतो. हे ‘कोणी तरी’ बहुधा कोण असते, ते वाचकांना सांगायला नको.

अशा घराला पाव करणाऱ्या घरगुती यंत्राचा मोह पडावा यात नवल ते काय? रात्री जिन्नस घालून निजावे आणि पहाटे खरपूस वासाने जागे व्हावे! एके काळी पाव खाल्ला की धर्म बुडत असे. १८४९ साली मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. जातिबंधन झुगारल्याची ती खूण होती. आज कोल्हापूरची मिसळ ब्रेडच्या कापांवाचून पुढे येत नाही. तेव्हा घरात पाव व्हावा, याला आता आजीचीही हरकत नसावी.

हरकत घेते ते यंत्रच. पहिला पाव विटेसारखा निघतो, दुसरा मधोमध खचतो, आणि तिसऱ्या खेपेनंतर काही हजारांचे ते यंत्र माळ्यावर जाऊन बसते. पहाटेची लाटणी पुन्हा जिच्या तिच्या वाट्याला! खरे पाहता यंत्राचा दोष क्वचितच असतो. ते मळते, वेळ मोजते आणि भाजते. पण तुमच्या डब्यातले पीठ कसे आहे, हे त्याला ठाऊक नसते. ते सांगण्याचे काम तुमचे.

या यंत्राची जन्मकथा हेच सांगते. १९८०च्या दशकात जपानच्या मात्सुशिता कंपनीचे अभियंते असे यंत्र करू पाहत होते. त्यांना कणीक काही केल्या नीट मळता येईना. तेव्हा इकुको तानाका या त्यांच्या सहकारी बाई ओसाकातील एका मोठ्या हॉटेलात मुख्य भटारखानदाराच्या हाताखाली पाव करायला शिकल्या. तो गोळा नुसता दाबत नाही, पीळ देऊन ताणतो, हे त्यांच्या ध्यानात आले. मग यंत्राच्या भांड्याला आतून उंचवटे दिले गेले आणि १९८७ साली यंत्र बाजारात आले. हाताचे मळणे असे यंत्रात उतरले. हाताची पारख मात्र उतरली नाही.

ही पारख आपल्या ओतकामगारांना नवी नाही. साच्याची वाळू मुठीत दाबून तिची ओल जोखायची, ही त्यांची जुनी रीत. पावाचेही तसेच. मळणे सुरू होऊन आठ-दहा मिनिटे झाली की झाकण उघडून पाहा. या वेळी उघडल्याने काही बिघडत नाही. भांड्याच्या कडा सोडून एकच गुळगुळीत गोळा फिरत असावा. बोटाला किंचित चिकटावा, पण बोटावर राहू नये. कोरडे गठळे दिसले तर चमचाभर पाणी, पातळ लगदा दिसला तर चमचाभर पीठ घालावे. पुन्हा दोन मिनिटे थांबून पाहावे. मात्र एकदा फुगणे सुरू झाले की झाकणाला हात लावू नये.

सुरुवातीला हे प्रमाण धरा : मैदा ४०० ग्रॅम, पाणी २५० ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, लोणी १५ ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम आणि झटपट यीस्ट ४ ग्रॅम. सारे वजनकाट्यावर मोजावे, पाणीसुद्धा. वाटीने मोजलेले पीठ दाबून भरले की वाढते, अलगद भरले की घटते.

आता पिठाचा विचार. गिरणीत दळलेल्या कणकेत कोंडा असतो आणि दळताना तिच्यातील पिष्टकणही फुटतात, म्हणून ती मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते. ४०० ग्रॅमला ३०० ग्रॅमच्या आसपास पाणी लागते. कोंडा कणकेचे ताणलेले धागे तोडतो, म्हणून हा पाव उंच होत नाही. आरंभ निम्मा मैदा, निम्मी कणीक असा करावा. आपल्या भागाचा खपली गहू खिरीला उत्तम. पण त्याचा चिवटपणा दुबळा, त्यामुळे एकट्या खपलीचा पाव वर येणार नाही. हौस असेल तर ४०० ग्रॅममध्ये ८० ग्रॅमच खपली घालावी.

ऋतूही पाहावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पाणी थंडगार घ्यावे आणि यीस्ट थोडे कमी करावे, नाही तर पाव भराभर फुगून भाजताना खचतो. थंडीत पाणी कोमट असावे. कढत नको, त्याने यीस्ट मरते. पावसाळ्यात पीठ दमट होते, तेव्हा दोन चमचे पाणी हातचे राखावे. उघडलेले यीस्ट घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवावे. शंका आल्यास साखरेच्या कोमट पाण्यात चिमूटभर टाकून पाहा. दहा-पंधरा मिनिटांत फेस न आल्यास ते फेकून द्यावे.

रात्री लावून निजायचे असेल, तर दुधाऐवजी पाणी आणि दुधाची भुकटी वापरा, अंडेही नको. पुष्कळ यंत्रांत आधी पाणी, मग पीठ आणि सर्वांत वर, पिठात खळगा करून यीस्ट घालतात. यीस्टला आधीच पाणी लागता कामा नये. आपल्या यंत्राचा क्रम पुस्तिकेत पाहून घ्यावा. वीज गेल्यास यंत्र किती मिनिटे कळ काढते, तेही त्यातच असते.

पण मुख्य गोष्ट पुढेच आहे. रात्री गोळा तपासायला कोणी उठणार नाही. म्हणून नव्या पिठाचा पहिला पाव सुटीच्या दिवशी, दिवसाउजेडी करावा. पाणी किती लागले ते वहीत टिपावे, मगच रात्रीचे घड्याळ लावावे. गव्हाचे पोते बदलले की पुन्हा एक चाचणी.

पाव झाला की भांड्यातून लगेच काढून जाळीवर ठेवा आणि तासभर सुरी लावू नका. गरम कापलेला पाव आत गिचका लागतो. म्हणून घड्याळ लावताना डब्याच्या वेळेआधी हा तास धरावा. वजन, ओल आणि नोंद या तीन गोष्टी सांभाळल्या, तर यंत्र माळ्यावर जाणार नाही. आणि ही वही घरात कोणीही लिहावी. आठवड्यातून दोन पहाटा तरी लाटण्याला आणि लाटणारीला विश्रांती मिळाली, तर यंत्राचे पैसे वसूल झाले म्हणायचे!