मनोविकारशास्त्रातील पदव्युत्तर प्रवेश (महाराष्ट्र)

मनोविकारशास्त्रातील एम.डी. हा एम.बी.बी.एस.नंतरचा ३ वर्षांचा अभ्यासक्रम असून त्याचे प्रवेश ‘नीट-पीजी’ परीक्षेच्या गुणानुक्रमाने होतात. राज्य शासनाच्या महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. बी.एच.एम.एस. पदवीधरांना ही परीक्षा देता येत नाही. त्यांच्यासाठी होमिओपॅथीतील मानसोपचाराची स्वतंत्र एम.डी. आहे. अमेरिकेत ऑस्टिओपॅथीच्या (डी.ओ.) आणि एम.डी.च्या पदवीधरांचे निवासी प्रशिक्षण २०२० पासून एकाच मान्यताव्यवस्थेखाली आले. तशी समाईक वाट येथे नाही.

पदव्यांची नावे सारखी, अधिकार मात्र निराळे. हा भेद प्रवेशापूर्वीच ध्यानात घेणे इष्ट. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ होमिओपॅथीच्या या पदव्युत्तरांना ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ मानतो, ‘मनोविकारतज्ज्ञ’ नव्हे. नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून रुग्ण दाखल करताना (कलम ८९) दोन तपासण्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञाचीच लागते.