ग्रँड कॅनियनच्या थंडीत मोटरहोमचं पाणी सांभाळताना

अॅरिझोना म्हटलं की भारतातल्या नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर निवडुंग आणि तापलेली वाळू येते. आम्ही राहतो त्या फिनिक्सपुरतं ते बरंचसं खरंही आहे. डिसेंबरात इथे रात्री स्वेटर घातला की भागतं. पण साडेतीन-चार तासांच्या ड्राइव्हवरचा ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ सुमारे ७,००० फूट उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथे रात्रीचा पारा सरासरी उणे ७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. उत्तर काठ हिवाळ्यात बंद असतो, दक्षिण काठ मात्र वर्षभर खुला. त्यामुळे नाताळच्या सुट्टीत आईबाबा आले की मोटरहोम घेऊन तिकडे जायचा बेत हमखास ठरतो.

प्रवासात सगळ्यात जास्त जपावं लागतं ते पाणी. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना रात्री दोनदा तरी उठावं लागतं, फ्लशला पाणी लागतं. सकाळी गरम पाण्याने शेकल्याशिवाय आईचे गुडघे हलत नाहीत. पाइप गोठला तर सहल तिथेच संपते.

गोठताना पाणी साधारण ९ टक्क्यांनी फुगतं. बर्फाचा गोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब वाढतो आणि काहीतरी तडकतं. मोटरहोममधले हल्लीचे प्लॅस्टिकचे पाइप थोडे ताणले जातात. पण सांधे, पंप, पाण्याचा फिल्टर, संडासाचा व्हॉल्व हे नाजूक असतात. तडा तेव्हा कळतही नाही. बर्फ वितळला की फरशीखालून पाणी झिरपायला लागतं.

गेल्या डिसेंबरात तिथल्या ट्रेलर व्हिलेजमध्ये पहिल्या रात्री मी फर्नेस लावली, तेव्हा बाबा म्हणाले, "अगं, हा छोटा इलेक्ट्रिक हीटर पुरे की! घाम फुटायची वेळ आलीय, पाणी कशाला गोठतंय?"

"बाबा, ऊब आपल्याला आहे, पाइपला नाही," मी म्हटलं आणि त्यांना सिंकखालचं कपाट उघडून दाखवलं. आतला पाइप हाताला बर्फासारखा लागत होता.

खरी गोम इथेच आहे. पाइप भिंतीला चिकटून, कपाटांच्या मागून आणि फरशीखालून जातात. पुष्कळ मोटरहोममध्ये गॅसवर चालणाऱ्या फर्नेसची गरम हवा नळकांड्यांतून टाक्यांच्या जागेपर्यंत पोचवलेली असते. इलेक्ट्रिक हीटरने खोली तापली की थर्मोस्टॅटला वाटतं सगळं आलबेल आहे. फर्नेस सुरूच होत नाही आणि खालचा भाग गारठतो. म्हणून रात्री फर्नेसच लावायची, हीटर फार तर जोडीला. मात्र ३०,००० बीटीयूची फर्नेस सलग चालली तर २० पौंडी प्रोपेनचा सिलिंडर साधारण १४ तासांत संपतो. शिवाय तिचा पंखा बॅटरीवर चालतो. विजेची जोडणी नसलेल्या जागी पहाटे बॅटरी बसली, तर गॅस असूनही फर्नेस बंद पडते.

झोपण्यापूर्वीची आमची कामं ठरलेली आहेत. दिवसा गाडीची टाकी भरून घ्यायची आणि संध्याकाळीच बाहेरच्या नळाची नळी काढून, रिकामी करून, गुंडाळून ठेवायची. रात्रभर पाणी गाडीच्या टाकीतून, पंपाने. विजेवर तापणारी नळी मिळते, पण ती लावली तरी कॅम्पातला नळ गोठू शकतो. सिंकखालची कपाटं उघडी ठेवायची. सांडपाण्याचा व्हॉल्व बंद ठेवून टाकी भरत आली की एकदम सोडायची. उघडा ठेवला तर बारीक धार पाइपातच गोठत जाते. नळ थेंब-थेंब सोडून ठेवायची घरातली युक्ती इथे अंगाशी येते, कारण टाकी भरली की तेच पाणी शॉवरच्या मोरीतून वर येतं. पंपाजवळ एक बिनतारी थर्मामीटर ठेवला आहे. त्याचा आकडा बघायचं काम बाबांनी आपणहून घेतलं. रात्री उठले की आधी तो बघायचे, मग बाथरूम.

उबेसाठी स्वयंपाकाची शेगडी पेटवू नका. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो. त्याचा अलार्म चालतो का, ते निघण्यापूर्वी तपासा.

एवढं करूनही नळाला पाणी आलं नाही तर पंप बंद करा, नळ उघडा ठेवा आणि हेअर ड्रायरने नळाकडून मागे सावकाश शेक द्या. मेणबत्ती, टॉर्च असली उघडी ज्योत अजिबात नको.

घरी परतल्यावर फिनिक्समध्ये काळजी नसते. पण मिशिगन, मिनेसोटाकडच्या मंडळींना गाडी उभी करतानाच टाक्या आणि गार झालेला गीझर रिकामा करावा लागतो. मग गीझरला बायपास करून मोटरहोमसाठीचं गुलाबी अँटीफ्रीझ पाइपांत फिरवायचं. साधारण दोन-तीन गॅलन पुरतं. थोडं सिंक आणि शॉवरच्या मोरीतही ओतायचं. गाडीच्या इंजिनाचं अँटीफ्रीझ इथे चुकूनही वापरू नका, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं.

येत्या डिसेंबरात कुणाचे आईबाबा, सासूसासरे येणार असतील आणि गाडी भाड्याची असेल, तर बुकिंगआधी दोन गोष्टी विचारा. हिवाळ्यात पाणी वापरायला परवानगी आहे का? काही ठिकाणी अँटीफ्रीझ भरलेलीच गाडी देतात आणि पाणी बाटल्यांतून न्यावं लागतं. आणि फर्नेसची हवा टाक्यांपर्यंत जाते का? दुसऱ्याचं उत्तर "नाही" आलं, तर रात्री फ्लॅगस्टाफला हॉटेलात काढा आणि काठावरचा बर्फ दिवसा बघा. तो बघण्यासारखा असतोच.