पनवेल परिसरातील पर्यटनस्थळे
पनवेल हे रायगड जिल्ह्यातील खाडीकाठचे जुने बंदर. मात्र येथे समुद्रकिनाऱ्याची पुळण नाही. त्यामुळे पर्यटकांचा ओढा डोंगराकडे असतो. मुंबई–गोवा महामार्गावर सुमारे १२ कि.मी. अंतरावर कर्नाळा पक्षी अभयारण्य (स्थापना १९६८) असून त्यातूनच कर्नाळा किल्ल्याची वाट जाते. किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दुरूनही ओळखू येतो. त्याच्या कपारींत आग्या मोहोळे असतात. धूर वा गोंगाट झाल्यास माश्या उठतात आणि अरुंद माथ्यावर पळायला जागा नसते. म्हणून येथील शांतता केवळ पक्ष्यांसाठी नव्हे. कर्नाळ्याच्या वाटेवरील शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव (१८४५). घाईतला प्रवासी तेथे क्वचितच थांबतो.