चिखलात रुतलेल्या घोड्याची सुटका

नदीकाठची कुरणे, ओढ्याचे उतार, आटत चाललेली तळी आणि ओहोटीला उघडे पडणारे खाडीकिनारे या ठिकाणी घोडा रुतण्याचा धोका मोठा असतो. साधारण घोड्याचे वजन 450 ते 500 किलो भरते. इंग्लंडमधील शायर जातीचा, शेतीकामासाठी जोपासलेला घोडा त्याच्या जवळजवळ दुप्पट भरतो. हा सगळा भार चार लहान खुरांवर पेलला जातो. त्यामुळे माणूस सहज चालून जाईल अशा सुकलेल्या पापुद्र्यावर घोड्याने पाय ठेवला, की पापुद्रा फुटतो आणि पाय खालच्या गाळात जातो.

गाळाची पकड कशी बसते, हे आधी समजून घ्यावे लागते. ओला गाळ ढवळला की पातळ होतो आणि स्थिर राहिला की पुन्हा आवळतो. जनावर जितकी धडपड करते, तितके ते खोल जाते. थकून थांबले की भोवतीचा गाळ घट्ट बसतो. पाय वर ओढताना खुराखाली पोकळी निर्माण होऊ पाहते, पण ती भरायला हवा किंवा पाणी तिथे वेळेत पोहोचत नाही. अॅमस्टरडॅम विद्यापीठातील संशोधकांनी 2005 मध्ये दलदलीच्या वाळूचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा वाळूतून माणसाचा पाय सेकंदाला एक सेंटिमीटर या वेगाने बाहेर काढायलाही मध्यम आकाराची मोटारगाडी उचलण्याइतका जोर लागेल, असे त्यात दिसून आले. शरीर मात्र त्या वाळूपेक्षा हलके असल्याने पूर्ण बुडत नाही. दाट गाळात रुतलेला घोडाही बहुधा पोटापर्यंत जाऊन अडकतो. त्याच्या जिवाला खरा धोका असतो तो थकवा, थंडी आणि चढत्या पाण्याचा.

घोडा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. पळता आले नाही की तो घाबरतो, शक्ती संपेपर्यंत झटापट करतो. एरवी 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असणारे त्याचे तापमान थंड चिखलात उतरू लागते. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, म्हणून त्याच्या नाकपुड्या चिखलाबाहेर आणि स्वच्छ राहणे फार गरजेचे असते.

अशा वेळी जमलेल्या लोकांचा पहिला विचार असतो दोरी बांधून ओढण्याचा. याच घाईत जनावर कायमचे अधू होऊ शकते. गळ्याला दोर लावला तर मानेचे मणके आणि श्वासनलिका दुखावते, पायाला लावला तर सांधे निखळतात, शेपटीला लावला तर तिचे मणके सुटतात. आधी गाळाची पकड सोडवायची आणि मगच ओढायचे, हा सुटकेचा मुख्य नियम आहे.

ब्रिटनमध्ये हॅम्पशायरसारख्या अग्निशमन दलांनी या कामाचे रीतसर प्रशिक्षण सुरू केले आहे. काम ठरलेल्या क्रमाने चालते. गर्दी मागे हटवली जाते आणि घोड्याच्या ओळखीचा एकच माणूस त्याच्या डोक्यापाशी थांबून हळू आवाजात बोलत राहतो. गाळावर फळ्या किंवा हवा भरलेले तराफे अंथरतात, म्हणजे वजन विभागले जाते आणि माणसे रुतत नाहीत. मागच्या पायांच्या टप्प्यात कोणी उभे राहत नाही. घोडा फारच बिथरला असेल तर पशुवैद्य गुंगीचे औषध देतात. मात्र मान ढिली पडून नाक चिखलात जाऊ नये म्हणून डोके वर धरून ठेवावे लागते.

त्यानंतर लांब पोकळ नळी पायाच्या कडेने खुरापर्यंत खुपसून तिच्यातून पाणी किंवा दाबाची हवा सोडतात. खुराखालची पोकळी भरली की पकड सुटते. एकेक पाय असा मोकळा करत असताना रुंद, मऊ पट्टे पोटाखालून सरकवले जातात. एक पट्टा पुढच्या पायांच्या लगेच मागे आणि दुसरा मागच्या पायांच्या पुढे बसतो, त्यामुळे जोर धडावर पडतो. मग संथ गतीने, झटका न देता, घोड्याला गाळाच्या पृष्ठभागावरून घट्ट जमिनीकडे सरकवले जाते. ट्रॅक्टर वापरला तरी इशारा देणारा माणूस एकच असतो.

ऑस्ट्रेलियात 2012 च्या फेब्रुवारीत जिलाँगजवळच्या किनाऱ्यावर अॅस्ट्रो नावाचा घोडा असाच रुतला होता. भरती चढत होती. मालकीण सुमारे तीन तास चिखलात त्याचे डोके वर धरून बसली. पशुवैद्यांनी औषध दिले आणि अखेर एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरने त्याला बाहेर काढले.

बाहेर आल्यावर घोड्याला उठवण्याची घाई करत नाहीत. त्याला पुसून कोरडे करतात, पांघरूण घालतात, नाक-डोळे धुतात. दाबाखाली राहिलेले स्नायू खराब झाले तर लघवी गडद तपकिरी होते आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचते. म्हणून घोडा उभा राहून चालू लागला तरी पशुवैद्याची तपासणी टाळू नये.

महाराष्ट्रात शेतीकामाला घोड्याऐवजी बैल असतो. उन्हाळ्यात धरणे आणि तलाव आटू लागले, की पाण्यासाठी उतरलेली बैल, गाई-म्हशी अशी जनावरे गाळात फसतात. त्यांनाही हेच नियम लागू पडतात. शिंगांना किंवा वेसणीला दोर बांधून ओढू नये. अग्निशमन दलासाठी 101 आणि पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 हे क्रमांक जवळ असावेत. पाणवठ्याच्या गाळाच्या बाजूला कुंपण घालणे, जनावरे उतरतात तिथे दगड-मुरूम टाकून वाट पक्की करणे आणि पाणी फार खाली गेले की काठावर हौद भरून ठेवणे, एवढी काळजी घेतली तर बरीच जनावरे रुतण्यापासून वाचतात.