‘काढणे’ या क्रियापदाचा अर्थ आणि फाईल नष्ट करणारी साधने

मराठीतील ‘काढणे’ हे क्रियापद परस्परविरुद्ध अर्थ वाहते. बँकेत खाते काढले म्हणजे पूर्वी नसलेली गोष्ट अस्तित्वात येते. सदऱ्यावरचा डाग काढला म्हणजे असलेली गोष्ट नाहीशी होते. कपाटातून दप्तर काढले म्हणजे ते केवळ जागेवरून हलते. माणसामाणसांच्या व्यवहारात यामुळे फारसा घोटाळा होत नाही. ऐकणारा प्रसंगावरून अर्थ लावतो, आणि न कळल्यास विचारतो. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा एजंट फायली हाताळू लागला की त्याच्यापुढे पुष्कळदा दोनच गोष्टी असतात : आज्ञेचे एक वाक्य आणि हाताशी असलेल्या साधनाचे लेखी वर्णन.

मीरा-भाईंदरचे उदाहरण घ्यावे. येथे ग्रामपंचायती एकत्र होऊन 1985 मध्ये नगरपरिषद झाली आणि 2002 मध्ये महानगरपालिका. अशा गावी कागदपत्रांचे थर एकावर एक साचलेले असावयाचेच. शिवाय मराठीच्या जोडीला गुजराती व हिंदी सतत कानांवर पडतात. गुजरातीतील ‘काढवुं’ हे तर मराठी ‘काढणे’चे सख्खे भावंड, आणि हिंदी ‘निकालना’ही तितकेच निसरडे. समजा, येथील एखाद्या कार्यालयात स्कॅन केलेल्या नोंदी सांभाळणाऱ्या एजंटाला कोणी सांगितले, ‘1990 पूर्वीच्या फायली काढ.’ सांगणाऱ्याला त्या पाहावयाच्या आहेत. साधनाच्या वर्णनात मात्र ‘हे साधन फाईल काढते’ एवढेच लिहिलेले आहे. शब्दाला शब्द जुळतो, आणि नोंदी जातात.

यावर भाषेनेच एक उपाय योजून ठेवला आहे, तो संयुक्त क्रियापदांचा. काढून ठेवणे, काढून देणे, काढून टाकणे यांत गोंधळास वाव नाही. तथापि ‘टाकणे’ या क्रियापदाने वस्तू जागेवरून गेली एवढेच कळते. ती परत येईल की नाही, हे कळत नाही. रद्दीत टाकलेला कागद वेळीच धावले तर परत आणता येतो, चुलीत टाकलेला येत नाही.

संगणकावरही नेमका हाच भेद आहे. विंडोजवर डिलीट केलेली फाईल सामान्यतः रिसायकल बिनमध्ये जाऊन पडते. युनिक्समधील ‘आरएम’ ही आज्ञा फाईलचे नाव थेट खोडते. त्याच मजकुराला दुसरे नाव जोडलेले असेल तर मजकूर शिल्लक राहतो, नसेल तर परतीची वाट नाही. तिला ‘एफ’ हा पर्याय जोडला तर फाईल मुळात अस्तित्वात नसली तरी ती चूक म्हणून कळवीत नाही. मार्ग चुकीचा लिहिणाऱ्या एजंटास मग काम झाल्याचाच भास होतो.

पुन्हा मिळण्याची शक्यता ही तपशिलाची बाब नव्हे. जुलै 2025 मध्ये रेप्लिट या सेवेतील एजंटाने, काहीही बदलू नये अशी ताकीद असताना, एका वापरकर्त्याचा चालू डेटाबेस पुसला. वर तो परत आणता येणार नाही असेही सांगितले. वस्तुतः तो परत आणता आला. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संकेतात साधन विध्वंसक आहे की नाही हे नोंदविण्याची सोय आहे, आणि साधनकर्त्याने मौन पाळल्यास ते विध्वंसकच समजावे असे ठरविले आहे. हा निर्णय शहाणपणाचा होय. मात्र ती केवळ सूचना आहे. वर्णनाची जागा ती घेऊ शकत नाही.

समाधानकारक वर्णन साधारण असे असावे : ‘दिलेल्या पूर्ण मार्गावरील एकच फाईल कायमची नष्ट करते. फाईल परत मिळवता येत नाही. फोल्डरचा मार्ग दिल्यास काहीही नष्ट न करता चूक कळवते. फाईल न सापडल्यास तसे स्पष्ट कळवते. केवळ पाहण्यासाठी किंवा दुसरीकडे हलविण्यासाठी हे साधन वापरू नये.’ शेवटचे वाक्य अनेकांना अनावश्यक वाटते. वस्तुतः ‘काढ’ या शब्दाचा घोटाळा तेथेच अडतो.

राज्याच्या कार्यालयीन पद्धतीत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. ‘अ’ वर्ग कायम ठेवावयाचा, ‘ब’ तीस वर्षे. तेथे जुनेपणा कागदावरून मोजतात. संगणकाची गोष्ट निराळी. 1985 चे रजिस्टर 2024 मध्ये स्कॅन केले तर फाईलवर तारीख 2024 ची पडते. म्हणून तारखेवरून फायली निवडणाऱ्या साधनाच्या वर्णनात ती तारीख कशाची, कागदाची की फाईलची, हे लिहिलेले असले पाहिजे.